विचारा तर खरं : मे महिन्यात कॅमेरा पेटीत ठेवायचा का?

मागच्या अंकात पळसावरच्या भोरड्या पक्ष्यांचा फोटो छापला आणि खाली मी ओघात लिहून गेलो की पक्ष्यांच्या फोटोंची खरी मजा तर आता पुढे, उन्हाळ्यात आहे, झालं, त्या एका ओळीवर इतके मेल, पत्रं आणि व्हॉट्सॲप आले की हा अख्खा कॉलम उन्हाळ्यालाच देऊन टाकला. सारखे प्रश्न होते ते एकत्र केलेत. काहींची भाषा थोडी आवरलीय, कारण चंद्रपूरच्या एका काकांनी उन्हाला घातलेल्या शिव्या छापण्यासारख्या नव्हत्या.

सर, मी अकोल्याचा. हिवाळ्यात दर रविवारी तलावावर जातो, बदकं, धोबी, चक्रवाक सगळं मिळतं. मार्च संपला की हे पाहुणे निघून जातात अन् ऊन असं की आठनंतर बाहेर पाय ठेववत नाही. मग जूनपर्यंत कॅमेरा पेटीत. माझे सगळे मित्र असंच करतात. काही चुकतंय का?

चुकत नाही, हुकतंय. पाहुणे गेले हे खरं, पण घरचे कुठं गेलेत? हिवाळ्यात बदकांच्या नादात आपण घरच्यांकडे मान वळवून पण बघत नाही आणि त्यांची लग्नसराई नेमकी उन्हाळ्यात असते. शिंजीर घ्या, जांभळा सूर्यपक्षी म्हणतात तो. दिवाळीच्या सुमारास त्याचा नर मळक्या पिवळट रंगाचा, गळ्यावर एक काळी रेघ, कुणी बघणार नाही असा. तोच मार्च-एप्रिलमध्ये उन्हात वळला की निळा-जांभळा असा चमकतो की पितळेची समई घासून ठेवावी. नीलपंख हवेत कोलांट्या मारतो. माळावर डोंबारी चंडोलाचा नर वर चढतो, पंख मिटून धपकन खाली येतो, परत वर, परत खाली, ते बघितलं की नाव कुणी ठेवलं असेल ते समजतं. नाल्याच्या दरडीत वेड्या राघूची बिळं सुरू असतात. उंबर-पिंपळ पिकला असेल तर सकाळी सकाळी हरियाल, आपला राज्यपक्षी, पानात असा मिसळून बसलेला असतो की फळ खाली पडलं तरच कळतं वर कुणीतरी आहे.

आता मुद्द्याचं. तुम्ही उन्हाळ्यात पण हिवाळ्यासारखं फिरता म्हणून दमता. हिवाळ्यात फिरायचं, उन्हाळ्यात बसायचं. पक्ष्याच्या अंगाचं तापमान मुळातच ४०-४२ अंश, घाम त्याला येत नाही, चोच उघडी ठेवून गळा थरथरवत तो अंगातली उष्णता बाहेर टाकतो आणि त्यात पाणी खर्च होतं. म्हणजे त्याला पाण्यावर यावंच लागतं, आणि पाणी आता चार ठिकाणीच उरलेलं असतं. नाल्यातलं शेवटचं डबकं, गुरांचा हौद, शेतातल्या ठिबकची गळकी जोडणी, पाइपलाइनचा गळका व्हॉल्व्ह. मोठ्या तलावापेक्षा हे लहान पाणी जास्त कामाचं, कारण तलावाला काठ किलोमीटरभर असतो आणि पक्षी नेमका तुमच्या समोरच्या काठाला यायचं त्याला काही कारण नसतं.

माझी अशी एक जागा आहे, पाइपलाइनचा गळका व्हॉल्व्ह, खाली परातीएवढं डबकं, शेजारी एक बोर आणि अर्धी सुकलेली बाभूळ. उजाडायच्या आधी मी पंधरा-एक मीटरवर झुडपाला पाठ लावून बसतो, ऊन पाठीमागून येईल असा, कॅमेरा गुडघ्याच्याही खाली. पहिले येतात होले, पाणी पितात आणि तिथंच येड्यासारखे उभे राहतात. मग बुलबुल, घाईत. मग मुनियांचा थवा, सगळे एकदम खाली, सगळे एकदम वर. सातभाई येतात ते भांडतच येतात, एकानं चोच घातली की दुसरा त्याला ढकलतो. आणि मधेच एका क्षणात सगळं चिडीचूप होतं, बाभळीवर शिक्रा, छोटा शिकारी पक्षी, येऊन बसलेला असतो, तोही पाण्यालाच आलेला, पण हे बाकीच्यांना कोण सांगणार. नऊच्या सुमारास नशीब असलं तर पखुर्ड्या येतात, आकाशातून कुटुरकुटुर आवाज करत, लांब उतरतात, चालत चालत पाण्यापर्यंत. त्यांचा नर पिल्लांच्या दिवसांत पोटाची पिसं पाण्यात बुडवून भिजवतो आणि ते पाणी पिसांतून पिल्लांना नेऊन पाजतो. हे मी इतक्या वर्षांत एकदाच डोळ्यानं बघितलं, फोटो हलला. एका सकाळी मोजले तर त्या परातीएवढ्या पाण्यावर बावीस प्रकार झाले, आणि मी जागेवरून उठलो पण नव्हतो.

एक गोष्ट मात्र पाळा. आजूबाजूला दुसरं पाणीच नसेल तर तिथं रोज जायचं नाही आणि साडेआठ-नऊला उठून निघायचं. तुम्ही बसलेले असताना जो लाजरा पक्षी आलाच नाही, त्याला पण तहान आहे.

माझ्याकडे १५०-६०० लेन्स आहे, हप्त्यावर घेतलेली. हिवाळ्यात एकदम कडक फोटो येतात. आता माळावर धाविक पक्ष्याचे काढले तर सगळे पाण्याखाली काढल्यासारखे, पिसंच नाहीत. शटर १/२००० सेकंदाला होता, ट्रायपॉड पण होता. लेन्स सर्व्हिसला टाकू का? – बार्शी

टाकू नका, पैसे जातील आणि ते 'नो फॉल्ट' म्हणून परत पाठवतील. ही जमिनीवरची वाफाळ हवा आहे. जमीन तापते, तिच्यालगतची हवा तापून वर चढते, गरम-थंड हवेचे थर एकमेकांत मिसळत राहतात आणि प्रकाश त्यातून येताना सारखा वाकतो. डांबरी रस्त्यावर लांब पाणी दिसतं ना, त्याचाच भाऊ. हे लेन्सच्या बाहेर घडतंय, त्यामुळे दोन लाखाची लेन्स असो की वीस हजाराची, दोघींचं तोंड सारखंच काळं होतं. शटर वाढवून जात नाही, ट्रायपॉडनं जात नाही, नंतर सॉफ्टवेअरमध्ये शार्पन करून तर अजून विचित्र दिसतं.

खात्री करायची असेल तर दहा पावलांवरच्या बाभळीच्या काट्यावर फोकस करा, काटा लख्ख आला की लेन्स चांगली आहे. मग कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर लाइव्ह व्ह्यू मोठा करून लांबचा पक्षी बघा, तो नाचताना दिसेल, पक्षी नाचत नाहीये.

उपाय एकच आणि तो कुणाला आवडत नाही, अंतर कमी करा आणि लवकर या. नांगरलेल्या काळ्या रानावर तर साडेआठलाच थरथर सुरू होते, गवताळ माळावर थोडी उशिरा. शंभर मीटरवरच्या धाविकाचा नऊ वाजता फोटो काढायचा नसतो, त्याच्याकडे बघायचं असतं. आणि काढायचाच असेल तर एकाऐवजी पंधरा-वीस फ्रेम मारा, हवा मधेच क्षणभर थांबते, त्यातली एखादी बरी निघते.

अजून एक, तुम्ही लिहिलं नाहीये पण मला शंका आहे की तुम्ही गाडीतून काढत असाल. एसी चालू, काच खाली आणि लेन्स खिडकीवर, म्हणजे लेन्सच्या तोंडाशीच थंड आणि गरम हवेचं भांडण लावून दिलं तुम्ही. एसी बंद करा, सगळ्या काचा खाली करा, दहा मिनिटं घाम गाळा आणि मग काढा. बॉनेटवरून तर काढूच नका, इंजिनची वाफ सरळ समोर येते. मी हे एका पूर्ण सीझनभर केलं आणि दोष दिला लेन्सला.

भर उन्हात बगळा चुन्यासारखा पांढराफटक आणि कोतवाल कोळशासारखा. मधलं काही येतच नाही.

कॅमेरा सगळ्याला करडं करायला बघतो पण फ्रेममध्ये आजूबाजूचं जे जास्त असेल त्याच्या नादाला लागतो. काळ्या पार्श्वभूमीवर बगळा असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटोचा उजेड कमी-जास्त करायचं सेटिंग) उणे पाऊण ते एक, कोतवाल आभाळापुढे बसला असेल तर अधिक एक, कधी दीड. रॉमध्ये, म्हणजे कच्च्या फाइलमध्ये, काढा. पण दहानंतरच्या डोक्यावरच्या उन्हात कोतवालाच्या डोळ्यात चमक येत नाही ती नाहीच येत, आकडे कितीही फिरवा. सकाळी सातला तोच पक्षी निळसर-काळा दिसतो आणि लाल डोळा पण दिसतो.

मी नववीत आहे, परभणीला राहते. माझ्याकडे कॅमेरा नाही, मम्मीचा मोबाईल आहे तोपण संध्याकाळीच मिळतो. आता सुट्टीत सकाळी पण मिळेल. घराला गच्ची आहे आणि मागे पेरूचं झाड. मी पक्ष्यांसाठी स्टीलच्या डब्यात पाणी ठेवलं पण एकपण येत नाही. फोटो कसा काढू?

तुझं पत्र सगळ्यात चांगलं होतं म्हणून सविस्तर लिहितो. पहिले तो स्टीलचा डबा उचल. गच्चीवर उन्हात स्टील इतकं तापतं की त्यातल्या पाण्यात चहाची पत्ती टाकायची बाकी राहते. वर तो खोल पण असणार, चिमणीला खोल पाण्याची भीती वाटते, तिला पाय टेकायला पाहिजे. कुंभाराकडून मातीचं परळ आण, पसरट, कुंडीखाली ठेवतात तसलं. पाणी फक्त दोन बोटं आणि मधे एक खडबडीत दगड, पाण्याच्या वर डोकं काढलेला. ठेव पेरूच्या सावलीत, पण झुडपाला अगदी खेटून नको, मांजर दबा धरून बसते. पाच-सहा फूट मोकळी जागा पाहिजे म्हणजे पक्ष्याला मांजर दिसेल आणि उडायला वेळ मिळेल. रोज सकाळी जुनं पाणी पेरूला टाकायचं, परळ नारळाच्या शेंडीनं घासायचं, साबण नाही लावायचा, मग नवीन भरायचं. आठवडाभर पाणी तसंच राहिलं तर डास होतात आणि मग मम्मी परळच फेकून देईल.

आता धीर धरायचा. पहिले चार-पाच दिवस कुणी येणार नाही. मग एक दिवस बुलबुल येईल, तो धीट आहे, त्याला बघून बाकीचे येतात. चिमण्या, साळुंक्या, दयाळ, सातभाई. शिंजीर परळावर क्वचित येतो, त्याच्यासाठी सकाळी झाडांना पाणी देताना पेरूची पानं भिजव, तो ओल्या पानांवर अंग घासून आंघोळ करतो, बघ तू, अगदी पानाला मिठी मारतो.

फोटोचं असं आहे की मोबाईलचा झूम लावलास की सगळं पिठासारखं होतं, तो लावायचाच नाही. मोबाईलच पाण्याजवळ न्यायचा. परळापासून दोन-तीन फुटांवर दोन विटा ठेव, त्यांच्या मधे मोबाईल आडवा टेकवून ठेव, व्हिडीओ चालू करून आत निघून जा. विटा दोन दिवस आधीच रिकाम्या ठेव म्हणजे पक्ष्यांना त्यांची सवय होईल. पंधरा-वीस मिनिटांनी घेऊन ये, त्या व्हिडीओतून चांगली फ्रेम निवडून काढता येते. मोबाईल सावलीतच पाहिजे, तापला की कॅमेरा आपोआप बंद पडतो आणि मम्मी आपोआप चालू होते. परळाच्या कडेला एक वाळकी फांदी रोवून ठेव, पक्षी पाण्यावर यायच्या आधी तिच्यावर बसून इकडंतिकडं बघतो, तो फोटो पाणी पितानाच्या फोटोपेक्षा छान येतो. आणि मागे काय दिसतंय ते बघ, कपडे वाळत घातलेली दोरी दिसत असेल तर विटा थोड्या फिरव.

एक वही कर. तारीख, वेळ, कोण आलं, किती आले, काय केलं. दुपारी दोन वाजता कोण येतं हे पण लिही, तेव्हा फक्त खिडकीतून बघायचं, बाहेर जायचं नाही. महिन्याभरानं ती वही आणि एक फोटो मला पाठव, फोटो नाही पाठवलास तरी वही पाठव.

आमच्या शेतात टिटवीची अंडी सापडली, चार आहेत. मोठा भाऊ म्हणतो दगड जरा बाजूला सरकवून, पाठीमागे गवत लावून मस्त फोटो येईल. अजून आठ दिवसांनी वखर फिरणार आहे, त्याच्या आत काढायचाय. किती जवळ जाऊ? – हिंगोली जिल्हा

भावाला म्हणा दगड सरकवायचे असतील तर घराचे सरकव.

हे थोडं लांबवून सांगतो, कारण यात माझी स्वतःची चूक आहे. सहा-सात वर्षं झाली असतील, मे महिना, साडेदहा वाजून गेलेले, चपलेतून जमीन भाजत होती. मला टिटवी अंड्यांवर बसलेली दिसली, मी पाचोळ्यात पालथा पडून सरकत सरकत वीस मीटरवर गेलो. ती उठली, ओरडत गेली, कालव्याच्या कडेला एक झिरपा होता तिथं. मग परत यायला निघाली, अर्ध्यात आली, मला बघून ओरडली, परत झिरप्यावर. असं तीन-चार वेळा. मला वाटलं ती मला हुसकावतेय, मी खूश, उडतानाचे फोटो मिळत होते. मग लेन्समधून तिचं पोट दिसलं, खालची पांढरी पिसं ओली चिप्प, थेंब गळत होते. तेव्हा डोक्यात उजेड पडला. ती पोट भिजवून आणत होती, अंड्यांवर उभं राहून ती थंड करायला, आणि मी पाणी आणि अंडी यांच्या बरोबर मधे झोपलेलो. तोवर माझी वीसेक मिनिटं झाली होती.

मी उठलो, लांब बाभळीखाली गेलो. ती पळत आली, पिसं फुलवून अंड्यांवर उभी राहिली, मग हळूच बसली. पुढे चारपैकी दोनच फुटली. माझ्यामुळे की आणखी कशामुळे हे मला कधीच कळणार नाही, पण ते फोटो मी कुठं टाकले नाहीत.

आपल्याला वाटतं पक्षी अंडी उबवतो म्हणजे गरम करतो. हिवाळ्या-पावसाळ्यात ते ठीक, पण विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात दुपारी तो अंड्यांवर बसतो तो सावली करायला. त्याला उठवलंत की अंडं उघड्या तव्यावर. म्हणून सकाळी सातच्या आत, पन्नास मीटरवरून, पाच मिनिटं, आणि तुमच्यामुळे ती उठली तर लगेच मागे. अंड्याला हात लावायचा नाही, दगड हलवायचा नाही, गवत तोडायचं नाही, ते गवतच कावळ्यापासून लपवतं. जंगली पक्ष्यांची अंडी घेणं किंवा घरटं मोडणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा पण आहे, पण कायद्याचं सोडा, तुमचं शेत आहे, तुमच्या घरची म्हणा ना ती.

वखराचं बाबांशी बोला. घोंगडीएवढा तुकडा सोडून वखर फिरवता येतो, बरेच शेतकरी सोडतात. खुणेला काठ्या रोवू नका, कावळे बरोबर त्याच काठीवर येऊन बसतात, लांबून ओळखू येईल अशी दोन ढेकळं पुरे. साधारण चार आठवडे लागतात अंडी फुटायला, आणि पिल्लं निघाल्यावर थोड्याच वेळात चालायला लागतात, कापसाच्या बोंडाला काड्या लावल्यासारखी. तोपर्यंत थांबा, बैलांमागून वा ट्रॅक्टरवरून काढा, त्यांची तिला सवय असते, माणूस पालथा पडलेला दिसला की तिचा विश्वास उडतो. आणि जागा ग्रुपवर टाकू नका. आणि हो, अंडी उंचवट्यावर आहेत का खोलगटात, तेही लिहा, आमच्याकडे अजून म्हातारे त्यावरून पावसाचा अंदाज बांधतात, उंचावर घातली तर पाऊस जास्त. मी पैज लावणार नाही, पण विचारल्याशिवाय राहवत पण नाही.

माझे मिस्टर ५८ वर्षांचे, बीपीची गोळी चालू. रिटायर व्हायच्या आधीच हा कॅमेऱ्याचा नाद लागला. सकाळी पाचला जातात ते साडेबाराला येतात, चेहरा लालबुंद, डोक्यावर टोपी नाही, म्हणतात खिशात कांदा आहे मला काही होत नाही. तुमचा कॉलम वाचतात, तुम्हीच काहीतरी लिहा. – नागपूर

वहिनी, हे त्यांना वाचून दाखवा. दादा, कांदा चांगला आहे, पण तो खिशात ठेवण्यापेक्षा भाकरीबरोबर खा. नागपूरचं ४५ अंशांचं ऊन आणि नवतपा (मेअखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस) कांद्याला विचारत नाही. साडेनऊला गाडी घराकडे वळलीच पाहिजे, फोटोसाठी पण त्यानंतर काही उरत नाही हे वर बार्शीच्या उत्तरात लिहिलंय. डोक्याला-कानाला ओला दुपट्टा, टोपी असेल तर दुपट्ट्यावर. पाणी तहान लागायच्या आधीपासून, थोडं थोडं. नुसत्या पाण्यानं भागत नाही, घामात मीठ पण जातं, म्हणून पन्हं, मीठ घातलेलं ताक, नाहीतर ओआरएसचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, अर्ध्या ग्लासात नाही. पाकीट नसलं तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी वाढून अंगातलं पाणी अजून कमी होतं आणि मिठाचा पण प्रश्न असतो, म्हणून यातलं काय किती घ्यायचं ते डॉक्टरांना एकदा विचारून घ्या, लाजू नका.

त्या कापडी हाइडचा, लपून बसायच्या छोट्या तंबूचा, मोह आवरा, मी एकदा अकरापर्यंत चेन लावून आत बसलो, बाहेर वारा होता आणि आत भट्टी. उठलो तर दोन्ही पोटऱ्यांत गोळे, डोळ्यापुढे अंधारी, कॅमेरा तिथंच टाकून रांगत सावलीत आलो. अन् एकटं जायचं असेल तर कुठं जातोय ते वहिनींना सांगून जायचं. चक्कर, उलटी, बरळणं, अंग तापलेलं, कधी घामही यायचा बंद, असं दिसलं की तो उष्माघात, सावलीत आणून अंगावर पाणी टाकायचं, वारा घालायचा, १०८ ला फोन. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही.

कॅमेरा गाडीत ठेवून जेवायला गेलो तर चालतं का?

नाही. बंद गाडी म्हणजे भट्टी, बॅटरी फुगते, रबर सैल होतं. मोठ्या लेन्स काही कंपन्या पांढऱ्या करतात त्या उगाच नाही, ऊन कमी शोषावं म्हणून. तुमची काळी असेल तर पांढरा पंचा टाका तिच्यावर. आणि लेन्स समोर उघडी ठेवून सूर्याकडे तोंड करून कधीच ठेवू नका, लहानपणी भिंगानं कागद जाळलाय ना.

पुण्याहून शनिवार-रविवार, मुलं ८ आणि ११ वर्षांची. मेमध्ये कुठे नेऊ?

भिगवण. पुणे-सोलापूर हायवेवर साधारण शंभर किलोमीटर, उजनीचं बॅकवॉटर. पाणी उतरत जातं तसे चिखलाचे पट्टे उघडे पडतात, रोहित (फ्लेमिंगो) बरेचदा मेपर्यंत असतात, आणि तिथले मच्छीमारच होडीतून नेतात, त्यांना कुठला पक्षी कुठं बसतो ते आपल्यापेक्षा चांगलं माहीत. सहाच्या होडीत बसा, नऊला बाहेर. फक्त उघड्या पडलेल्या बेटांवर उतरायचा हट्ट करू नका, नदी सुरय पक्षी तिथं उघड्या वाळूत अंडी घालतात, मुलांच्या पायाखाली पण येतील आणि दिसणार पण नाहीत. होडीवाल्याला रोहितांचा थवा उडवायला सांगणारे लोक भेटतील, तुम्ही सांगू नका.

दुसऱ्या दिवशी दम असेल तर सोलापूरच्या पुढे बार्शी रोडला नान्नज. १९७९ साली माळढोकसाठी केलेलं अभयारण्य आहे, पण माळढोक दिसेल ही आशा घरी ठेवून जा, आता तो दिसणं फार दुर्मिळ. काळवीट दिसतील, चंडोल, पखुर्ड्या, धाविक. मुलांना मोबाईल देऊ नका, दुर्बीण द्या, आठ बाय चाळीसची साधी.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री जंगलातल्या पाणवठ्यावर प्राणी बघायला मचाणावर बसायचा नंबर लागलाय. चांदण्यात फोटोसाठी आयएसओ किती ठेवू?

कॅमेरा न्यायची परवानगी आहे का ते पहिले वनविभागाला विचारा, आणि असली तरी फ्लॅश नाहीच. माझं ऐकाल तर नेऊच नका. रात्रभर पाणवठ्यावर ऐकायचं असतं. रातवा हा रात्रीचा पक्षी ओरडतो, गोटी फरशीवर टाकल्यावर टक, टक, टकटकटक करत थांबते तसा. पहाटे तीनला रानडुकरं पाणी पितात तो आवाज तर मुलांना शिकवू नये असा.

आमच्याकडे एक पक्षी दिवसरात्र 'पेरते व्हा, पेरते व्हा' ओरडतो, मेंदू खातो. दिसत मात्र नाही. फोटो कसा मिळेल? मोबाईलवर आवाज वाजवला तर येतो म्हणतात. – यवतमाळ

पावशा. वाजवला तर येतो हे खरं, आणि त्याचसाठी वाजवायचा नाही. त्याला वाटतं दुसरा नर आपल्या जागेत घुसला, ऐन उन्हात तो जीव तोडून शोधत फिरतो. तुम्ही असं करा, सातभाईंवर नजर ठेवा. पावशाची मादी सातभाईंच्या घरट्यात अंडं घालते, त्यामुळे त्यांचं उभं वैर. सातभाई एखाद्या झाडाभोवती फार कालवा करत असतील तर त्या झाडात बघा, शिक्रा वाटेल पण चोच सरळ, डोळ्याभोवती पिवळं कडं, पानात गप्प बसलेला. एकदा डाव्या-उजव्या शंभर मीटरमधली त्याची दोन-तीन आवडती झाडं कळली की पहाटे साडेपाचला त्यातल्या एका झाडाखाली जाऊन बसा.

मग मेच्या शेवटाला आणि जूनच्या सुरुवातीला चातक येतो, तारेवर उघडा बसतो, काढायला सोपा. आणि नाल्यातल्या गच्च झाडीत पाचोळ्यावर नवरंग, तो सकाळी अंधार असतानाच शीळ घालतो, तिथं शटर १/६० सेकंदाच्या वर जात नाही. मृगाचा पहिला पाऊस तेवढ्यात गाठतोच, म्हणून कॅमेऱ्याचं रेनकव्हर आताच शोधून ठेवा. माझं यंदा उंदरानं कुरतडलंय, सहाशे मिमीच्या लेन्सला बसेल असं कुणी घरी शिवलं असेल तर माप आणि कापड कुठलं ते पाठवा, पुढच्या अंकात छापतो.